काडी आणि खातेवही

गावात कोणी नाव असलेला माणूस गेला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे निरोप येतो, "सर, बोर्डावर टाकायला दोन ओळी द्या." वर्षश्राद्धाला पत्रक, पाच वर्षांनी स्मरणिका. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली, त्याची ही पेन्शन म्हणायची की शिक्षा, अजून ठरलेलं नाही. फुलचूर गोंदियाला इतकं खेटलेलं आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं हे नाक्यावरच्या पानठेलेवाल्यालाही सांगता यायचं नाही. राइसमिलवाले, धानाचे दलाल, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, सगळे ओळखीचे. आणि सगळ्यांना विशेषणं तीच: दानशूर, कर्मयोगी, उद्योगमहर्षी. एकाचं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं तरी मजकूर चालतो. चालतो, हीच खोट.

त्या खोटीवर उपाय शोधता शोधता वहीत ही टिपणं झाली. निमित्त धानाचं नव्हतं, द्राक्षांचं होतं.

*

फेब्रुवारीतली संध्याकाळ. फुलचूर नाक्यावर फळांची हातगाडी. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या कातरणावर ठेवलेले हिरवट-पिवळे घड. खोक्यावर छापलेलं, 'सोनाका'.

"सोनाका म्हणजे काय गा?"

"लांब दाना, भाऊ. गोड निघन."

"ते समजलं. पण नाव कशाचं हाये?"

त्यानं खोकं उचलून चारी बाजूंनी पाहिलं. "कंपनीचं असन."

कंपनीचं नव्हे. सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज, का म्हणजे काळे. जिल्हा, गाव, आडनाव. एका माणसाचा अख्खा पत्ता आपण अर्धा किलो तोलून घेतो, घरी नेऊन धुतो आणि खाऊन टाकतो.

*

नान्नज सोलापूरजवळचं गाव. पक्षी पाहणारे त्याला माळढोकासाठी ओळखतात, म्हणजे माळरानाचा आणि कमी पावसाचा मुलूख. तिथले नानासाहेब काळे विद्यापीठातले शास्त्रज्ञ नव्हते, बागायतदार होते. त्यांची विद्या डोळ्यांत होती.

बागेत वेली हजारांनी असतात. त्यांतल्या एखाद्या वेलीच्या एकाच काडीवर मणी जरा लांबट येतो, किंवा घड चार दिवस आधी तयार होतो. काडीच्या त्या एका डोळ्यात, म्हणजे अंकुरात, निसर्गानं काहीतरी बदल केलेला असतो. बहुतेक जण "यंदा हा घड बरा आला" म्हणतात आणि खोक्यात भरतात. एखादा मात्र तिथे चिंधी बांधून ठेवतो. छाटणी आली की ती काडी बाजूला काढतो, तिची कलमं करतो, पुढच्या हंगामात बघतो. बदल टिकला तर आणखी काही हंगाम बघतो. मग कुठे तिला नाव देतो.

थॉम्प्सन या वाणाच्या घराण्यातून सोनाका अशी निघाली. पुढे काळ्या द्राक्षातली शरद सीडलेस आली. ते नाव शरद पवारांवरून. नानासाहेबांचे चिरंजीव दत्तात्रय काळे यांनी हाच उद्योग पुढे चालवला आणि एका वाणाचं नाव ठेवलं 'नानासाहेब पर्पल'. मुलानं बापाचं स्मारक केलं ते असं. त्याला दरसाल छाटणी लागते, आणि दरसाल फळ येतं.

*

विजेची तार, चुना, विहीर, मजुरी यांचा हिशेब खातेवहीत लिहिता येतो. काडीचा येत नाही.

शेजारचा बागायतदार म्हणतो, "तुमचा माल बरा दिसतो, दोन काड्या द्या." नाही कसं म्हणायचं? त्यानं नेलेल्या दोन काड्यांच्या वीस होतात, विसांची बाग होते, बागेतून पाव्हण्याच्या गावी जाते. आपल्या देशात वाणावर शेतकऱ्याचा आणि पैदासकाराचा हक्क सांगणारा कायदा २००१ साली आला. सोनाका त्याच्या कितीतरी आधी गावोगाव पोचली होती. म्हणजे ज्याच्या मांडवात ती सापडली त्याच्या पदरात बाहेरच्या बागांमधून हक्काचा छदाम येण्याची सोयच नव्हती. आलं ते नाव. तेही अर्धवट, कारण खाणाऱ्याला ते कंपनीचं वाटतं.

*

वाणांच्या नावांची एक यादी वहीत करून ठेवली.

थॉम्प्सन सीडलेस: कॅलिफोर्नियात युबा सिटीजवळ शेती करणारा विल्यम थॉम्प्सन. १८७०च्या दशकातली गोष्ट. वाण मुळात पश्चिम आशियातला, किसमिसाचा. हा गडी काही जगप्रसिद्ध नव्हता, आपल्या गावचाच मोठा. पण त्यानं वाढवलेल्या वेलीला त्याचं नाव चिकटलं आणि ते तासगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'थामसन' होऊन बसलं.

तास-ए-गणेश: सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्प्सनमधूनच निवडलेला वाण. 'तास' तासगावचं, गणेश म्हटलं की पटवर्धनांनी बांधलेलं, दक्षिणी धाटणीचं गोपूर असलेलं तिथलं गणपतीचं देऊळ आठवावं. मधला 'ए' उर्दू थाटाचा, अनाब-ए-शाही या द्राक्षवाणाच्या पंगतीला बसावा असा. सांगलीच्या शेतकऱ्यानं गणपतीला असा फारसी फेटा बांधला आणि कुणाला तो खटकला नाही.

चीमा साहेबी: पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी पांढरी साहेबीपासून काढलेला. यादीतला हा एकटाच सरकारी नोकर.

सगळी माणसं, गावं, देवळं. एकाही वाणाचं नाव 'दानशूर' नाही.

*

आपल्याकडे द्राक्षं का होत नाहीत, असं पोरं विचारायची. फळ्यावर आकृती काढायचो.

महाराष्ट्रातल्या द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी: वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे मुख्य आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढायची, नव्या काड्या वाढू द्यायच्या. त्या उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यांत पुढचा घड धरतो, बाहेरून काही दिसत नसताना. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी: त्या काड्या ठरावीक डोळ्यांवर कापायच्या की घड बाहेर पडतात. तिथून साधारण चार महिन्यांनी माल. फ्रान्समध्ये थंडी वेलीला झोपवते आणि वसंत उठवतो. इथे झोपवायची आणि उठवायची दोन्ही कामं कात्रीनं करावी लागतात.

हे जमायला कोरडी हवा हवी, पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. आपली बांधी बांधलीच आहे पाणी अडवायला. धानाला चिखल लागतो, द्राक्षवेलीची मुळी चिखलात गुदमरते. रोवणीच्या दिवसांत आपण ज्या पावसाची वाट बघतो तो तिकडच्या बागेत डावणीचा रोग घेऊन येतो.

एका गोष्टीत मात्र दोघं भाऊ. ऑक्टोबरच्या अखेरीचा अवकाळी पाऊस इथे कापणीला आलेला धान लोळवतो आणि तिथे फुलोऱ्यातला घड कुजवतो. आभाळाकडे बघण्याची नजर दोन्हीकडे एकच.

*

शेजारच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, एक द्राक्षाची वेल आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी नाशिकहून काडी आणून लावलेली. पानं झकास. सावलीही चांगली. चार घड येतात, ते पिकायच्या आत पाखरं खातात. गृहस्थ म्हणतात, "राहू द्या, पाहुण्याला दाखवायला बरी."

*

दोन गाड्यांचा शेवट गोंदियात होतो. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी करत येते, म्हणजे तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्याच्या अंगावरून. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस नाशिक रोडवरून येते. राज्यातले द्राक्षांचे दोन मोठे मुलूख आणि दोघांच्याही रुळांचं टोक आमच्या दारात. माल बहुतेक ट्रकनं येतो ही गोष्ट निराळी. तरी रात्री शिट्टी ऐकली की वाटतं, एक टोक गोड आहे, एक टोक भाताचं.

*

नाशिककडची गोष्ट ओझरला सुरू होते. आज ओझर म्हटलं की लढाऊ विमानांचा कारखाना आठवतो. त्याच्या पुष्कळ आधी, १९२५ साली, तिथल्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी खायच्या द्राक्षांची बाग लावली. नाशिकच्या द्राक्षांचा इतिहास सांगणारे तिथूनच सांगतात.

१९२५ साली ना ठिबक, ना शीतगृह, ना औषधांची दुकानं. पीक बसलं तर विकायचं कुठे हा प्रश्न, बुडलं तर हसणारे गावातच. अशा वेळी जो पहिली बाग लावतो त्याला शेतकरी म्हणावं की उद्योजक? आमच्याकडचे लोक त्याला सरळ 'येडा' म्हणतील, आणि वीस वर्षांनी त्याच्याकडून काडी मागायला जातील.

*

शामराव चौगुले. मुंबईचे उद्योजक. १९८०च्या दशकात त्यांनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळती वाईन करायचा घाट घातला. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्या गावात फ्रान्सच्या पायपर हायडसिक या कंपनीचं तंत्रज्ञान आलं.

या पद्धतीत वाईन बाटलीत भरल्यावर तिच्यात पुन्हा एकदा आंबवण होते. फेस त्याच बाटलीत तयार होतो, आणि गाळही. तो गाळ बुचाशी आणायला बाटल्या तिरप्या फळीत उलट्या ठेवून थोड्या थोड्या फिरवाव्या लागतात, दिवसचे दिवस. मग मान गोठवून गाळ काढायचा. हे सगळं सह्याद्रीच्या पायथ्याशी चाललं होतं. 'ओमर खय्याम' नावानं ती बाटली परदेशात गेली. भारतात वाईन होते हेच पुष्कळांना त्या बाटलीमुळे कळलं.

पुढे चौगुल्यांची कंपनी फार वाढली, परदेशातले व्यवसाय घेतले, २००८च्या मंदीत कर्जाखाली आली आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशानं गुंडाळली गेली.

आता यांच्यावर स्मरणिका काढायची तर काय लिहायचं? 'भारतीय वाईनचे जनक' एवढंच लिहिलं तर खोटं नाही, पण अर्धं. फक्त बुडाल्याचं लिहिलं तर तेही अर्धं. त्यांच्यानंतर नाशिकला १९९९च्या सुमारास सुला उभी राहिली, २००१ साली राज्यानं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. रस्ता कोणी पाडला हे लिहावं आणि त्याची गाडी त्याच रस्त्यावर उलटली हेही लिहावं. वाचणाऱ्याला दोन्ही उपयोगी.

*

पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे. शेतकरी संघटनेचे नेते. १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनात शरद जोशींच्या बरोबरीनं नाशिक जिल्हा ज्यांनी रस्त्यावर आणला त्यांतले एक. याच माणसानं पिंपळगावला शेतकऱ्यांच्या मालकीची फेसाळती वाईन काढायचा प्रकल्प उभा केला. नाव ठेवलं 'पिंपेन'. पिंपळगावचं 'पिंप' आणि शॅम्पेनचं 'पेन'.

मला या नावात सगळा माणूस दिसतो. कांद्याच्या भावासाठी रूळ अडवणारा, आणि तोच फ्रेंच दारूला गावठी कुंची घालणारा. आंदोलनात भाव मागायचा आणि कारखान्यात भाव तयार करायचा, ही एकाच विचाराची दोन टोकं. असा माणूस 'लढाऊ नेते' या दोन शब्दांत कोंबला तर वाईनचं बूच उडतं.

*

कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे. त्यांनी 'प्रयोग परिवार' नावानं शेतकऱ्यांना एकमेकांच्या प्रयोगात गुंफलं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांचं त्यात मोठं नाव झालं. त्यांचा आग्रह असा की वेलीचं पान ऊन किती झेलतं हे मोजा, बाकीचं मागून येईल. पान मोजा! आमच्याकडे पान म्हटलं की तेंदूचं, आणि ते मोजण्यात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पटाईत. सत्तर पानांचा एक पुडा. उन्हाळ्यात फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पुडे उलटेपालटे वाळत घातलेले असतात, मुन्शी एकेक ओळ चालत जात मोजतो.

*

पानावरून आमचे मनोहरभाई पटेल. जन्म ९ फेब्रुवारी १९०६, नडियादचा. शिक्षण प्राथमिकच्या पुढे फारसं नाही. पोरवयात गोंदियाला आले, बिडीच्या पेढीत कामाला लागले, पुढे स्वतःचा बिडीचा धंदा उभा केला. नगराध्यक्ष झाले, आमदार झाले. १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली. एका दिवसात बावीस शाळा उघडल्या, असं गोंदियातले जुने लोक आजही सांगतात. १९७० साली गेले.

त्यांच्याबद्दल 'शिक्षणमहर्षी' हा शब्द मी स्वतः कितीदा लिहिला असेल. आता वाटतं, नुसतं असं लिहायला हवं होतं: ज्याला शाळा मिळाली नाही त्यानं पानाच्या पैशातून शाळा काढल्या. बिडी वळणाऱ्या बायांची बोटं आणि त्या बोटांवर उभ्या राहिलेल्या इमारती, दोन्ही एका वाक्यात यायला हवीत. एकाशिवाय दुसरं लिहिणं म्हणजे खातेवहीतलं एकच पान दाखवणं.

दरवर्षी ९ फेब्रुवारीला त्यांच्या नावानं गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदकं देतात. नेमके तेच दिवस द्राक्षांचे. समारंभ आटोपून माणसं घरी निघतात आणि वाटेत गाडीवरून अर्धा किलो सोनाका घेतात.

*

विरळणी. हा शब्द शोकसंदेशात येत नाही, पण बाग त्याच्यावर उभी असते.

घडात मणी दाटीनं येतात. सगळे ठेवले तर कुठलाच फुगत नाही, आतले कुजतात. म्हणून मणी ज्वारीएवढे झाले की बाया मांडवाखाली उभ्या राहतात, हात वर, मान वर, आणि बारीक कात्रीनं एकेका घडातले नको ते मणी काढून टाकतात. एकरात घड हजारांनी. संध्याकाळी मान खाली होत नाही. मग संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, तेही एकेक. जिभेवर फुटणारा तो मोठा मणी या मानेच्या दुखण्यातून आलेला असतो.

मालकाच्या स्मरणिकेत मजूर बायांचा सामूहिक फोटो तरी छापावा. खाली नावं घालून.

*

२०१० साली युरोपात गेलेल्या महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला आणि माल अडला. वेलीची वाढ रोखून तिची ताकद घडाकडे वळवण्यासाठी ते सर्रास वापरलं जात होतं. ते तपासलं जाईल याची कल्पना बागेत नव्हती. एका हंगामात कितीतरी घरं हबकली. त्यानंतर औषधांच्या नोंदी, काढणीआधीचे दिवस, माल कुठल्या प्लॉटमधला याचा माग, सगळं घट्ट झालं.

यशस्वी बागायतदाराच्या चरित्रात असलं प्रकरण गाळतात. मला तर ते पहिलं घ्यावंसं वाटतं. नंतरच्या पोराला वाट दाखवते ती चूकच. सत्काराच्या शालीतून कुणी काय शिकलंय?

*

एका राइसमिलवाल्याची नवी स्मरणिका करायची आहे. घरच्यांनी फोटो दिले: मंत्र्याबरोबर, हार घातलेला, फेटा बांधलेला. मी विचारलं, गिरणीची पहिली मोटर कुठल्या साली घेतली? कोणालाच ठाऊक नाही. पहिलं नुकसान कधी झालं, कर्ज कोणाचं होतं, पहिला हमाल कोण? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी कोपऱ्यातली म्हातारी सून म्हणाली, "मोटर आनली त्या साली दुष्काळ होता, पंचवीस पोती धान मामंजीनं वाटलं. कोनाले कोनाले, ते मले तोंडपाठ हाये."

दोन तास ती बोलत होती. मी लिहीत होतो. 'दानशूर' हा शब्द एकदाही लागला नाही.

*

वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या गावात अशी सून, असा मुनीम, असा बागेतला जुना गडी असेल तर या उन्हाळ्यात वही घेऊन त्याच्याजवळ बसा. साल विचारा, वाण विचारा, विहीर किती हात खोल ते विचारा, काडी कोणाकडून आणली आणि कोणाला दिली ते विचारा. माणूस गेल्यावर बोर्ड छापायला वेळ पुष्कळ असतो. आणि फुलचूर नाक्यावर कधी आलात तर गाडीवाल्याला सोनाकाचा अर्थ विचारून पाहा. मी सांगितलाय त्याला. आता तो बरोबर सांगतो, आणि भाव किलोमागे पाच रुपयांनी वाढवतो.